गावकीचा ठराव आणि तिसऱ्या मजल्यावरची खोली

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी नवी मुंबईतल्या एका गावात राहते, कोपरखैरण्याच्या बाजूला. आम्ही आगरी. सासऱ्यांची सगळी जमीन सिडकोत गेली. आता तळमजला आणि वर तीन मजले असं आमचं घर आहे, त्यातल्या अकरा खोल्या भाड्याने दिल्यात. नवऱ्याच्या टेम्पोचं काम कधी असतं, कधी नसतं. घर चालतं ते भाड्यावर. भाडोत्र्यांमध्ये साताऱ्याचं एक माथाडी कुटुंब आहे, उत्तर प्रदेशातली काही कुटुंबं आहेत, एक मुसलमान शिंपी आणि त्याची बायको आहे, हॉस्पिटलात काम करणाऱ्या मणिपूरच्या दोन मुली आहेत आणि तिसऱ्या मजल्यावर युगांडाचा एक विद्यार्थी आहे.

मागच्या महिन्यात देवळात गावकीची बैठक झाली. जत्रेनंतर आफ्रिकन, मुसलमान आणि ‘त्या चिनी दिसणाऱ्या’ मुलींना कुणी खोली द्यायची नाही, असं पंचांनी सांगितलं. जो देईल त्याला २५ हजार दंड, आणि त्याच्या घरच्या हळदीला, लग्नाला गावातलं कुणी जाणार नाही. पुढच्या बैठकीत सगळ्यांच्या सह्या घेणार आहेत. माझ्या नणंदेचं लग्न दोन महिन्यांवर आलंय. सासरे म्हणतात, ‘गाव आपला रायला नाय, निदान जेवढा हाय तेवढा तरी राखू.’ नवरा गप्प आहे.

खरं सांगू का, मलाही गावात परकं वाटतं. सकाळी दारात रांगोळी काढताना समोरून वीस माणसं जातात, त्यात ओळखीचं एक नसतं. पण त्या मुलींनी मागच्या वर्षी सासूबाईंच्या पायाचं ड्रेसिंग रोज येऊन केलं, एक पैसा घेतला नाही. आणि तो युगांडाचा पोरगा दर महिन्याच्या एक तारखेला भाडं देतो. त्याच्याकडून आम्ही बाकीच्यांपेक्षा अडीच हजार जास्त घेतो, कारण त्याला गावात दुसरं कुणी देत नव्हतं. मी कुणाची बाजू घ्यायची? गावाची की भाडोत्र्यांची?

— एक सून, नवी मुंबई

उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं सासऱ्यांचं वाक्य मी परत परत वाचलं. आधी त्याबद्दल बोलते. ठरावाबद्दल माझं मत ठाम आहे आणि ते मी सांगणारच आहे, पण ते सांगताना सासऱ्यांचं दुःख ओलांडून जाणं मला जमणार नाही.

साठच्या दशकात तुमच्या पट्ट्यातल्या जमिनी आधी एमआयडीसीने कारखान्यांसाठी घेतल्या. मग १७ मार्च १९७० ला सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या शिवारावर ३४४ चौरस किलोमीटरचं नवं शहर आखलं गेलं. भातखाचरं गेली, मिठागरं गेली, खाडीकडे जाणाऱ्या वाटा तुटल्या. ज्या माणसाला आपल्या बांधावरून शेजाऱ्याची पाच पिढ्यांची नावं सांगता येत होती, त्याला पन्नास वर्षांत आपल्याच गल्लीत कुणाला हाक मारायची ते कळेनासं झालं. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत ११ लाख २० हजारांवर माणसं मोजली गेली, त्यानंतर हा आकडा वाढतच गेला आहे. अशा शहरात मूळ गावकऱ्याला एकटं वाटणं यात कसलाही कोतेपणा नाही. तुम्हाला रांगोळी काढताना जे वाटतं, त्यासाठी स्वतःला दोष देऊ नका. ‘शहर वाढलं की असं होतंच’ असं तुम्हाला कुणी सांगितलं, तर त्याला सांगा की शहर आपोआप वाढत नाही. ते कुणीतरी आखतं, कुणाच्या तरी जमिनीवर.

पण ते आखलं कसं, हेही पाहू. सेक्टरांमध्ये रुंद रस्ते आले, बागा आल्या, शाळांसाठी आणि मार्केटसाठी भूखंड राखले गेले. गावं मात्र गावठाणाच्या जुन्या हद्दीत तशीच सोडून दिली. घरात मुलं वाढली, भाऊ वेगळे झाले, पण गावठाण वाढवून मिळालं नाही. मग माणसं वर चढली. एकावर एक मजले झाले. ज्यांना आजही सरकारी कागदात ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात, ती हीच. आणि त्याच काळात या शहराला राबणारे हात लागत होते. घाऊक बाजार मुंबईतून वाशी-तुर्भ्याला आले, त्यांच्या मागे सातारा-सांगलीकडचे माथाडी आले. कारखान्यांत, बांधकामांवर, दवाखान्यांत माणसं आली. नियोजित शहराने या माणसांसाठी त्यांना परवडेल असं घर पुरेसं बांधलंच नाही. ते घर तुमच्या गावाने दिलं. पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात राहता येईल अशी खोली, पाणी भरून ठेवायला पिंप, खाली उधारीवर सामान देणारं दुकान, हे सगळं गावठाणांनी पुरवलं. नकाशाबाहेर राहिलेल्या गावाने नकाशाबाहेर राहिलेल्या माणसाला छप्पर दिलं. तुमचा भाडोत्री तुमच्या जमिनीच्या मागे लागून आलेला नाही. तुमची जमीन ज्याने घेतली आणि त्या भाडोत्र्याला ज्याने घर दिलं नाही, ती व्यवस्था एकच आहे. हे सासऱ्यांना नीट उलगडून सांगता आलं तर अर्धं काम होईल.

सिडकोविरुद्धच्या तुमच्या जमीन-लढ्याचे नेते दि. बा. पाटील, त्यांचं नाव तुम्ही पत्रात घेतलेलं नाही, पण बैठकीत ते निघणार याची मला खात्री आहे. तुमच्याकडे कुठल्याही सभेत निघतं, आणि निघायलाच हवं. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाट्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी जीव दिला. त्या लढ्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत मिळण्याचं तत्त्व आलं. कुणी म्हणेल, ‘दि. बां.नी जमिनीसाठी रक्त सांडलं आणि तुम्ही गाव परक्यांना देताय.’ तेव्हा शांतपणे विचारा, साडेबारा टक्के म्हणजे काय होतं? शहर होऊ नये, ही ती मागणी नव्हती. शहर होणारच असेल, तर त्यात जमीनवाल्याचा हिस्सा असला पाहिजे, त्याला मोबदल्याच्या चार नोटा देऊन वाटेला लावता येणार नाही, ही ती मागणी होती. ज्याचा शहरात वाटा आहे, तो शहरात येणाऱ्या माणसांचाही यजमान असतो. माझ्या मते भूमिपुत्र या शब्दाचा सगळा मान या यजमानपणात आहे. दारात उभं राहून चेहरे तपासण्यात तो नाही.

आता ठरावाकडे वळते. तुम्ही त्यावर सही करू नका.

त्यात तीन वेगवेगळ्या माणसांना एका दोरीने बांधलंय. प्रत्येकाबद्दल गावाच्या मनात वेगळी भीती आहे, म्हणून त्यांच्याबद्दल वेगळं बोलावं लागेल.

मुसलमान शिंप्याबद्दल पत्रात तुम्ही एकही तक्रार लिहिलेली नाही. मी शोधली, सापडली नाही. त्याचं नाव यादीत का आहे, हे ज्याने यादी केली त्याला भर बैठकीत सांगू द्या. तो कशासाठी नकोय, काय केलं त्याने, हा प्रश्न नाव घेऊन विचारला की बऱ्याचदा उत्तर येत नाही. गावातल्या किती घरांच्या नवरीचे ब्लाउज त्याने शिवले, हे बायकांना विचारा. पुरुषांच्या बैठकीत हे कुणी बोलणार नाही.

मणिपूरच्या मुलींना ‘चिनी दिसणाऱ्या’ म्हटलं गेलं. त्या भारताच्या नागरिक आहेत, तुमच्याइतक्याच. देशात कुठेही राहण्याचा हक्क त्यांना राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमाने दिला आहे, आणि त्याच कलमाने तुमच्या दिराला उद्या बंगळुरात खोली घेता येते. मे २०२३ पासून मणिपूरमध्ये जो हिंसाचार झाला, त्यात हजारो कुटुंबांना आपली घरं सोडावी लागली. या दोघींपैकी कुणाचं घर त्यात गेलंय का, हे तुम्ही कधी विचारलंत का? जमीन गेल्यावर माणसाचं काय होतं हे तुमच्या गावाइतकं कुणाला कळणार? त्यांच्यापैकी एखादी कदाचित तीच गोष्ट उराशी घेऊन तुमच्या दुसऱ्या मजल्यावर झोपत असेल. आणि सासूबाईंच्या पायाचं ड्रेसिंग करणाऱ्या मुलींना ‘त्या’ म्हणून बोलायचं नाही, त्यांना नावं आहेत. निदान तुमच्या घरात तरी ती नावं रोज घेतली जावीत. बैठकीत बोलाल तेव्हाही नाव घेऊनच बोला.

राहिला युगांडाचा विद्यार्थी. इथे गावाची भीती सगळ्यात मोठी आहे आणि तिला थोडा आधारही आहे, म्हणून मी ती झटकून टाकणार नाही. नवी मुंबईत अमली पदार्थांच्या प्रकरणांत आफ्रिकन नागरिकांना अटक झाल्याच्या बातम्या येतात, व्हिसा संपूनही राहणाऱ्यांवर पोलिसांनी कारवाया केल्या आहेत. घरात तरुण मुलं असलेल्या आईबापांना हे वाचून धडकी भरणारच. पण अशा प्रकरणांत आपल्याच माणसांनाही अटक होते, आणि तेव्हा आपण त्यांच्या पूर्ण जातीला किंवा पूर्ण गावाला खोल्या बंद करत नाही. गुन्हा करणाऱ्या एका माणसाला आपण त्याच्या नावाने ओळखतो. आफ्रिकन माणसाला मात्र त्याच्या कातडीने ओळखतो, आणि मग एकाच्या गुन्ह्याचा हिशेब सगळ्यांकडून मागतो. एक सांगा ताई, तुमच्या नणंदेची स्थळं बघताना ‘मुलीचा रंग उजळ आहे ना’ असं किती जणांनी विचारलं? त्या प्रश्नाने ती पोरगी किती वेळा खोलीत जाऊन रडली असेल, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाला तोच प्रश्न रोज रस्त्यावर, रिक्षात, किराणा दुकानात झेलावा लागतो, तोही न विचारता.

आणि आफ्रिकेचा माणूस या मुलखाला नवाही नाही. इथिओपियातून गुलाम म्हणून आणलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला. त्याने १६१० मध्ये खडकी वसवलं, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. जमीन मोजून, तिची प्रत पाहून धारा ठरवायची त्याची पद्धत इतकी पक्की होती की शेतसाऱ्याच्या इतिहासात त्याचं नाव टाळता येत नाही. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. तुमच्या सासऱ्यांना शिवकाळाच्या गोष्टी आवडत असतील तर ही गोष्टही त्यांना सांगा. आपल्या महाराष्ट्राच्या घडणीत एका काळ्या माणसाचा हात आहे, हे आपण आपल्या मुलांना फार कमी सांगतो.

आता त्या अडीच हजारांबद्दल. तुम्ही ते पत्रात स्वतःहून लिहिलंत, त्यावरून मला कळलं की ते तुम्हाला टोचतंय. टोचायलाच हवं. त्याला दुसरीकडे कुणी घेत नाही, म्हणून तुम्ही जास्त घेता. म्हणजे गावकीचा जो ठराव तुम्हाला अन्याय वाटतो, त्याच अन्यायावर तुमची दर महिन्याची कमाई उभी आहे. हे कडक वाटेल, पण या धंद्याची रीत जगभर अशीच आहे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर शिकागोसारख्या शहरांत घरांचे दलाल गोऱ्या घरमालकांना जाऊन सांगत, ‘वस्तीत काळे लोक यायला लागलेत, आता भाव पडणार, लवकर विका.’ घाबरलेली माणसं घरं मातीमोल विकत. तेच घर दलाल कृष्णवर्णीय कुटुंबाला चढ्या भावाने विके, कारण त्या कुटुंबाला इतर वस्त्यांत कुणी घर देत नव्हतं. दोन्हीकडची भीती दलालाच्या खिशात जमा होत होती. १९६८ च्या एका केंद्रीय कायद्याने तिथे घराच्या व्यवहारातला वंशभेद आणि दलालांचा हा धंदा बेकायदा ठरवला, तरी त्या वस्त्यांची झालेली विभागणी आजही पुरती भरून आलेली नाही. म्हणून तुमच्या गावातल्या दलालांकडे जरा बघा. ठरावाच्या बैठकीत सगळ्यात मोठ्याने कोण बोलतं, आणि ठराव झाल्यावर नाकारलेल्या माणसांना कुठल्या तरी कोपऱ्यातली ओल आलेली खोली दुप्पट भाड्याने मिळवून देऊन कमिशन कोण खाईल, हे बारकाईने पाहण्यासारखं आहे.

नाकारणं काय असतं, हे तुमच्या गावालाही ठाऊक आहे. सेक्टरातल्या सोसायट्यांमध्ये ‘गाववाले नकोत, हळदीला डीजे लावतात, भांडण करतात’ असं बोललं जातं, ते तुमच्या कानावर आलं असेलच. २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईला ऑफिससाठी जागा नाकारल्याची चित्रफीत सगळ्या महाराष्ट्राने पाहिली आणि सगळा महाराष्ट्र पेटून उठला. मासे खाणाऱ्याला घर न देणाऱ्या इमारती मुंबई-ठाण्यात आहेत. तुमच्या जेवणात जिताडा नसेल तर ते जेवणच नव्हे, आणि तुम्हाला त्या इमारतीत जागा नाही! हे आपल्याला अन्याय वाटत असेल, तर आपण तोच नियम देवळात बसून करू शकत नाही. तो नियम एकदा मान्य केला की उद्या तो तुमच्या मुलासमोर कुणीतरी वाचून दाखवील, आणि तेव्हा तुमच्याकडे बोलायला शब्द उरणार नाहीत.

कायद्याचंही सांगते, कारण बैठकीत तुम्हाला त्याची गरज पडेल. आपल्याकडे खासगी घरमालकाने भाडेकरू म्हणून कुणाला निवडावं, यावर थेट बंधन घालणारा कायदा नाही. त्यामुळे एखाद्या घरमालकाने स्वतःपुरतं नाही म्हटलं तर त्याला कोर्टात ओढणं अवघड आहे. पण गावाने मिळून दंड लावणं आणि लग्नावर बहिष्कार टाकणं ही अगदी वेगळी गोष्ट आहे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा २०१६ मध्ये झाला आणि २०१७ पासून लागू आहे. असा कायदा करणारं आपलं पहिलं राज्य. कोकणात, विशेषतः रायगडात, माणसांना वाळीत टाकण्याची प्रकरणं एकामागून एक उजेडात आली, तीही त्यामागे होती. समाजाची जी मंडळी एकत्र बसून असा हुकूम काढतात, त्यांना पंच म्हणा, गावकी म्हणा, एखाद्याच्या लग्नकार्याला जाऊ नका असं सांगणं हा या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बहिष्काराला मदत करणाराही त्यात अडकतो. म्हणजे तुमच्याकडून २५ हजार मागणारे पंच स्वतःची मान कुठे देतायत, हे त्यांना ठाऊक नसण्याचीच शक्यता जास्त आहे. हे धमकीच्या सुरात सांगू नका. सासऱ्यांच्या विश्वासातल्या एखाद्या वयस्कर पंचाला बैठकीआधी घरी बोलवा, चहा द्या आणि आपल्या माणसाला वाचवण्याच्या सुरात सांगा. ‘काका, लेखी सह्या घेऊ नका, उद्या तोच कागद पुरावा होईल’ एवढं वाक्य पुरेल.

तुमचे कागदही आधी स्वच्छ करून घ्या. भाडेकराराची नोंदणी करणं ही महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे घरमालकाची जबाबदारी आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं, शिवाय घरमालकाला शिक्षा होऊ शकते. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात द्या, मणिपूरच्या मुलींची, उत्तर प्रदेशवाल्यांची आणि साताऱ्याच्या कुटुंबाचीही, सारख्याच पद्धतीने. परदेशी माणूस ठेवला असेल तर त्याच्या येण्याची माहिती चोवीस तासांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे ऑनलाइन द्यावी लागते. ती दिली नसेल तर आजच द्या आणि त्याचा पासपोर्ट, व्हिसाची मुदत, कॉलेजचं ओळखपत्र यांच्या प्रती ठेवून घ्या. यात त्या मुलाचा अपमान नाही. त्याच्याबद्दल गल्लीत काही उठलं तर हेच कागद त्याच्या आणि तुमच्या दोघांच्या बाजूने उभे राहतील.

आणि मुलींना रात्री दहाच्या आत या, असं सांगत असाल तर ते बंद करा. पत्रात तसं लिहिलेलं नाही, पण खोल्या देणाऱ्या घरांतून हा नियम इतका सर्रास असतो की मला बोलल्याशिवाय राहवत नाही. हॉस्पिटलातल्या नर्सची रात्रपाळी असते.

बैठकीत नुसतं ‘नाही’ म्हणून उठून आलात तर गाव तुम्हाला एकटं पाडील. गावाला काहीतरी करायचंय ही त्यांची तळमळ खरी आहे, फक्त ती चुकीच्या दारावर धडकतेय. म्हणून तुमच्याकडे दुसरा ठराव तयार असू द्या. भाडोत्र्यांसाठी नियम जरूर करा, पण ते वागण्याचे करा. एका खोलीत किती माणसं राहतील, कचरा कुठे टाकायचा, रात्री किती वाजेपर्यंत आवाज, दुचाकी कुठे लावायच्या, कागदपत्रांशिवाय कुणालाही खोली नाही. हे नियम साताऱ्याच्या माणसालाही लागू, युगांडाच्याही आणि घरमालकाच्या पोरालाही. हळदीचा डीजे किती वाजता बंद व्हावा, हेही त्यात घाला. ते घातलंत तर नियम सगळ्यांसाठी आहेत यावर लोकांचा विश्वास बसेल.

मग गावापुढे खरे प्रश्न ठेवा. गावठाणातल्या घरांच्या मालकीचे कागद पक्के झाले का? गावच्या मुलांना खेळायला मैदान कुठे आहे? खाडीवर मासेमारीला जायची वाट आहे का? आसपासच्या कारखान्यांत आणि कंपन्यांत आपल्या मुलामुलींना कुठल्या कामाला घेतात, कंत्राटदाराच्या सुरक्षारक्षकाच्या पलीकडे किती जण गेले? विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून जून २०२१ मध्ये बेलापूरला सिडकोच्या दारात भूमिपुत्रांचा जो समुदाय उभा राहिला, ती ताकद सगळ्यांनी पाहिली आहे. जो गाव सिडकोला जाब विचारू शकतो, त्याने आपला जोर दोन नर्स आणि एका विद्यार्थ्यावर खर्च करावा, हे मला गावाच्या मानाला शोभणारं वाटत नाही. हे वाक्य तुमच्या सासऱ्यांच्या तोंडून आलं तर जास्त लागेल. तुमच्या तोंडून आलं तर ‘सून शिकवते’ म्हणतील, आणि विषय तिथेच संपेल.

बोली आणि रीतिरिवाज जाण्याची भीती उरते. ती मला सगळ्यात खरी वाटते, आणि तिच्यावरचा उपाय खोल्या बंद करण्यात मुळीच नाही. गावात भाडोत्री आले म्हणून आगरी बोली मरत नाही. आपली मुलं घरात ती बोलायची लाजतात, म्हणून मरते. लग्नविधीची पारंपरिक गाणी, म्हणजे धवले, म्हणणारी धवलारीण बोलावण्याऐवजी डीजे बोलावला जातो, म्हणून धवले विसरले जातात. तुमच्या नणंदेच्या लग्नात धवले म्हणायला कुणी म्हातारी उरली असेल तर तिला बोलवा, आणि ते मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. आणि त्या लग्नाला तुमच्या अकराही खोल्यांना आमंत्रण द्या. नुसतं पत्रिका सरकवून नको, दारात जाऊन, हळदीकुंकू लावून, गावच्या रीतीने. हळदीच्या रात्री तांदळाच्या भाकरी थापायला बायका कमी पडतात, तिथे मणिपूरच्या मुलींना बसवा. तांदूळ त्यांचाही रोजचा आहे. युगांडाच्या मुलाला मांडवात खुर्च्या लावायला बोलवा. भाडोत्र्याशी गल्लीत मराठी बोला. तो हिंदीत बोलला म्हणून तुम्ही लगेच हिंदीवर जाऊ नका, आणि त्याला मराठी येत नाही म्हणून त्याच्यावर डाफरूही नका. सोबत राहिलेला माणूस शिकतो. माथाडी कुटुंबातली पोरं आज कशी बोलतात, ते ऐका.

सासऱ्यांशी मात्र तुम्ही एकट्याने बोलू नका. सासूबाईंना बोलू द्या. ज्या मुलींनी तिचा पाय बरा केला, त्यांना घराबाहेर काढायचं की नाही हे तिने ठरवायचं, आणि नवऱ्याने त्या वेळी तिथे बसायचं. त्याचं गप्प राहणं आता पुरे झालं, हे त्याला स्पष्ट सांगा. खोल्या त्याच्याही आहेत. गावातल्या ज्या तीनचार घरांत असे भाडोत्री आहेत, तिथल्या बायकांना बैठकीआधी भेटा. भाडं बुडण्याची चिंता त्यांनाही आहे, पण पहिली बोलायला कुणी तयार नसेल.

एवढं करूनही काही घरं नणंदेच्या हळदीला येणार नाहीत, अशी शक्यता आहे. मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. लग्नघरात गावातली माणसं कमी दिसणं ही सोसायला जड गोष्ट आहे, आणि ती नणंदेला सोसावी लागेल, म्हणून तिच्याशी आधी बोला. निर्णय तिला न सांगता घेऊ नका. कुणी उघडपणे घरोघर जाऊन ‘जाऊ नका’ असं सांगत फिरलं, तर तारीख, वेळ आणि ऐकणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. पोलिसांत तक्रार करायची की नाही हे लग्न उरकल्यावर घरच्यांनी मिळून ठरवा, त्याला घाई नको. त्या मुलाच्या अडीच हजारांना मात्र इतकं थांबायचं कारण नाही. येत्या एक तारखेपासून त्याचं भाडं बाकीच्यांइतकं करा, आणि आजवर जे जास्त घेतलं ते पुढच्या भाड्यांत वळतं करून द्या.